आमची वाटचाल : कोटाच्या आतला कॅनव्हास

पुण्याच्या नारायण पेठेत वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या दुकानात आरंभी शर्ट, पँट आणि शाळांचे गणवेश शिवले जात. लग्नसराईत कोटांची कामे वाढू लागली, आणि तेव्हापासून ‘कॅनव्हास’ हा आमच्या धंद्याचा मुख्य विषय झाला.

कोटाचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये पुढच्या भागात जो आधाराचा थर घालतात, तो कॅनव्हास. सुताच्या किंवा लोकरीच्या धाग्यांबरोबर त्यात बकरीचे वा घोड्याचे केस विणलेले असतात. हे केस दबले तरी पुन्हा उसळून पूर्ववत होतात, म्हणून कोटाची छाती भरदार राहते. हा थर खांद्यापासून खालच्या घडीपर्यंत असेल तर फुल कॅनव्हास, आणि छाती व लॅपल (कॉलरखालची बाहेर वळवलेली पट्टी) यांच्यापुरताच असेल तर हाफ कॅनव्हास. गोंद लावलेला आधाराचा थर गरम दाबाने कापडाला चिकटवला, तर ते फ्युजिंग. कारागीर त्याला पेस्टिंग म्हणतात.

फ्युजिंगमुळे काम झटपट होऊ लागले, तरी वडिलांनी हातकाम सोडले नाही. कॅनव्हास आधी पाण्यात भिजवून, वाळवून आणि इस्त्री करूनच ते कापत, कारण तो नंतर आकसला तर कोटाचा पुढचा भाग ओढला जातो. लॅपल डाव्या तर्जनीवर वळवून धरायची आणि कॅनव्हासमधून तिरपे टाके घालताना सुईने कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलायचा, म्हणजे टाका बाहेर दिसत नाही आणि लॅपलला आलेला बाक कायम राहतो. आमच्याकडे हे काम आजही हातानेच होते आणि ते घाईत उरकता येत नाही.

पेस्टिंगला मी कमी लेखत नाही. चांगल्या प्रतीचे असेल तर रोजच्या ब्लेझरला ते पुरेसे असते. हलक्या प्रतीचा गोंद मात्र ड्रायक्लीनिंगमध्ये सुटतो आणि कापडावर फुगे येतात, जे पुढे नीट बसवणे फार अवघड असते. लग्नाच्या कोटासाठी मी बहुतेकांना हाफ कॅनव्हासच सुचवतो. ग्राहकांना पारखही शिकवतो : सर्वांत खालच्या बटणाजवळ कापड आणि अस्तर चिमटीत धरून अलगद वेगळे करावे, मध्ये तिसरा थर सुटा सरकला, तर तिथे कॅनव्हास आहे. हाफ कॅनव्हास असेल तर हीच चिमूट छातीजवळ घ्यावी.

यापैकी कोणता प्रकार घातला आहे, ते आम्ही प्रत्येक बिलावर लिहून देतो.