हौद्यातलं अंथरूण : फुफाटा हटला (बहुतेक)

मंडळी, दोरा फिरला! इतके दिवस आत उडणारा दोरा परवा बाहेर उडाला. ज्यांना या वाक्याचा अर्थ लागला नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. माझ्या पिकअपच्या हौद्यावर, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागावर, कॅनोपी (काचा असलेलं टपासारखं झाकण) आहे, आणि तिच्या आत मी झोपायची जागा करतोय.

फळ्या बसल्या, खण सरकायला लागले, गादीचं कव्हर शिवून झालं, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. त्याच तोऱ्यात राजापूरकडे निघालो. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं बघायची आणि रात्री गाडीतच झोपायचं, असा बेत. संध्याकाळी फाळका (हौद्याचं मागचं, खाली पडणारं दार) उघडला तर चादर विटकरी रंगाची. जांभ्याचा फुफाटा! मैद्याइतका बारीक, त्यात लोहाचा अंश, म्हणजे घामाने ओला झाला की डाग पक्का. चादर झटकली, उश्या झटकल्या. झटकलेलं सगळं कॅनोपीतल्या कॅनोपीत फिरून पुन्हा उश्यांवरच बसलं. शेवटी पुढची सीट मागे पाडून रात्र काढली. घरी आल्यावर ती चादर बायकोने धुवायला टाकलीच नाही, थेट फरशी पुसायच्या फडक्यांत ठेवली.

तेव्हापासून बाकीचं सगळं काम बंद ठेवून मी फक्त धुळीच्या मागे आहे.

आधी अर्थातच रबर. पिकअप मुळात मालाची गाडी. हौद्यात पाणी साचू नये म्हणून फाळक्याच्या खाली फट असते, तळाला निचऱ्याची भोकं असतात, आणि हे सगळं कंपनीने विचारपूर्वक ठेवलेलं असतं. आपण तिथे गादी टाकणार हे त्यांच्या हिशेबात नाही. तर रात्री अंगणात गाडी लावली, मी कॅनोपीत आडवा, भाचा बाहेर टॉर्च घेऊन. जिथून उजेडाची तिरीप आत येईल तिथे खडूची खूण. फाळक्याचे बिजागरीकडचे दोन्ही कोपरे, निचऱ्याची भोकं, टेललॅम्पच्या वायरीचं ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातलं रबरी बूच), आणि जिथे कॅनोपी हौद्याच्या काठावर टेकते तिथल्या प्लॅस्टिक पट्टीची प्रत्येक खाच! मी समजत होतो त्याच्या दुप्पट खुणा झाल्या.

सामानाबद्दल दोन शब्द, कारण गेल्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. ॲक्सेसरीवाल्यांकडे ‘युनिव्हर्सल कॅनोपी रबर’ म्हणून जे मिळतं तो निव्वळ स्पंज आहे. एक उन्हाळा गेला की चपटा होतो आणि मग त्याच्याकडे फक्त बघायचं. ईपीडीएम रबराची (ऊन-पाऊस सोसणारं रबर) पोकळ डी-आकाराची पट्टी घ्या. महाग आहे, पण दाबली की परत वर येते. कॅनोपी आणि काठ यांच्यामध्ये ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी), दुसरं काही नको. सिलिकॉन लावा म्हणणारे आपल्यात अजून आहेत. त्यांनी एकदा सिलिकॉन लावलेली कॅनोपी काढून दाखवावी, मग बोलू. फाळक्याच्या आतून डी-पट्टी चिकटवायला थ्रीएम कंपनीचा व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी पक्का चिकटणारा) वापरला. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला तर तो टेप नखाने निघत नाही.

एवढं करून सुपे-मोरगाव पट्ट्यातल्या मुरमाच्या रस्त्यावर गेलो. धूळ कमी झाली का? झाली. थांबली का? अजिबात नाही. आधी सगळीकडे पसरायची, आता कोपऱ्यातून एक नेमकी जीभ बाहेर काढल्यासारखी गादीवर यायची. म्हणजे भोकं कमी झाली, पण उरलेल्या भोकांतून हवा जास्त जोरात घुसायला लागली. मग दोऱ्याचा प्रयोग सुचला.

शिवणाचा काळा दोरा, चार-चार इंचांचे तुकडे, फाळक्याच्या फटीवर आतून टेपने चिकटवले. समोर मोबाइल क्लॅम्पला लावून रेकॉर्डिंग चालू, शेजारी हेडलॅम्प पेटवून ठेवलेला. (कॅनोपीत माणूस बसवून गाडी चालवायची नाही, हे पुन्हा सांगतोय.) घरी येऊन बघितलं. गाडी थांबलेली असताना दोरे लोंबतायत. ताशी वीसला जरा थरथर. तीसच्या पुढे गेलो की सगळे दोरे आडवे होऊन आत, गादीकडे! प्रकाशात धुळीचे कण त्यांच्याच बरोबर येताना दिसतात. गाडी ब्रेकरला हळू झाली की दोरे खाली, पुन्हा वेग घेतला की आडवे. तो व्हिडिओ मी किती वेळ बघत बसलो होतो, विचारू नका.

कारण तसं माहितीतलंच आहे. चौकोनी पाठीची गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेली धूळ त्याच पोकळीत घोळत राहते. कॅनोपीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांच्या फटींतून आतली हवा ओढली जाते, आतला दाबही उतरतो, आणि मग ती जागा भरायला सगळ्यात सोप्या वाटेने, म्हणजे फाळक्याच्या खालून, धुळीसकट हवा आत येते. तुम्ही शंभर फटी बुजवा, एकशे एकावी शिल्लक असतेच. शिवाय जिथून धूळ येते तिथूनच सायलेन्सरचा धूरही येऊ शकतो. गादीला डिझेलचा वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासा.

तेव्हा उलटा विचार केला. हवा येणारच आहे, तर ती आपण सांगू तिथून, गाळून येऊ दे. पुढे वर एक मोठं तोंड ठेवायचं, तिथून स्वच्छ हवा आत रेटायची आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा. मग त्याच फटींतून हवा बाहेर पडेल. ऑस्ट्रेलियातले लोक कॅनोपीच्या टपावर असे व्हेंट सर्रास बसवतात. आयात करायला गेलं तर किंमत बघून घाम फुटतो, आणि मला कॅनोपीला भोकही पाडायचं नव्हतं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत जे काही करतोय ते सगळं नटबोल्टचं आणि काढता येईल असंच ठेवलंय.

उपाय सापडला पुढच्या सरकत्या काचेत. कॅनोपीची केबिनकडची एक काच काढली आणि तिच्या खाचेत त्याच मापाचा एसीपी शीटचा (दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेलं प्लॅस्टिक) तुकडा सरकवला. साइनबोर्डवाल्यांकडे असे तुकडे पडलेले असतात, चहाच्या पैशात देतात. त्याला गोल भोक, आतून हॅचबॅकच्या इंजिनचा चपटा कागदी एअर फिल्टर एका प्लायच्या चौकटीत. बाहेरून किचन चिमणीचा लवचीक पाइप, तो केबिन आणि कॅनोपीच्या मधल्या सांदीतून वर कॅरिअरपर्यंत. तिथे 110 मिमीचा एसडब्ल्यूआर बेंड (सांडपाण्याच्या पाइपचं वळण), तोंड पुढे. बेंडच्या खाली टी जोडलाय, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता खाली गळून जाईल. प्लंबिंगच्या दुकानदाराने विचारलं, संडास कुठे बांधताय? गाडीवर, म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

आणि परवाचा व्हिडिओ : ताशी चाळीसला दोरे बाहेर! फटीत जवळजवळ ओढल्यासारखे ताठ. गादीवर पांढरा रुमाल पसरून ठेवला होता, तो परत आल्यावर पांढराच.

पण तीसच्या खाली ते पुन्हा डळमळतात, आणि आपले कच्चे रस्ते म्हणजे बराच वेळ वीस-पंचवीसच. हिशेब साधा आहे : समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 ला तो साधारण 17 मिलिमीटर पाण्याइतका मिळतो, 30 ला जेमतेम 4. त्यातला काही फिल्टर खातो, काही चिमणीच्या पाइपच्या वळ्या. म्हणून फिल्टरच्या मागे 12 व्होल्टचा 120 मिमी कॉम्प्युटर फॅन लावायचं ठरवलं. साधा फॅन दोन मिलिमीटरच्या आसपास दाब देतो, पण वीसच्या वेगाला मागची ओढही तेवढीच कमी असते. वेग वाढला की बेंड काम करेल, कमी झाला की फॅन.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं : हाच फॅन रात्री उलटा का नाही फिरवायचा? डिसेंबरात माळशेजच्या बाजूला टपाला आतून दव धरलं होतं. दोन माणसांच्या श्वासाची वाफ, वर निरभ्र आकाशाखाली गार पडलेला टप, पहाटे नाकावर थेंब. फॅन बाहेर फेकणारा ठेवला आणि मागच्या काचेच्या जाळीतून ताजी हवा घेतली, तर तो प्रश्नही सुटेल. फॅन एका कडीवर बसवायचा, उलटून पुन्हा अडकवता येईल असा. मग टपाला आतून चिकटवायला एक्सएलपीई फोमची (टप गार पडू न देणारी) शीट आणणार होतो, ती सध्या आणतच नाही, आधी हे बघतो. पावसाळ्यात मात्र बाहेरचीच हवा ओली चिंब असते, तेव्हा फॅनकडून फार अपेक्षा नाही.

झोपायच्या जागेचं थोडक्यात : फाळक्यावर उलगडणारी तिसरी फळी लांब पियानो बिजागरीवर बसली. आता दोघांना सरळ पाय करता येतात. एकटा असलो की फाळका बंद ठेवून तिरका झोपतो. हौदा पाच फुटांचा, मी पाच नऊ, डोकं आणि पाय कोपऱ्यांत घातले की जमतं. खाली 12 मिमी मरीन प्लाय आहे, आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून उचललेला. साधा कमर्शिअल प्लाय घेऊ नका, एका पावसात पापुद्रे सुटतात.

राहिलेलं काम. टेललॅम्पच्या ग्रोमेटमधून अजून बारीक रेघ येते, तिथे ब्यूटाइलचा गोळा भरायचाय. दाब अंदाजाने न सांगता मोजायचाय, त्यासाठी गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणलीय : एक टोक कॅनोपीत, एक केबिनमध्ये, डांबरी रस्त्यावर एकसारख्या वेगाने, फरक फूटपट्टीवर वाचायचा. आणि कागदी फिल्टर फुफाट्यात किती टिकेल ही धास्ती आहेच. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ती पारदर्शक वाटी असते ना, धूळ आधीच गरगरवून बाजूला टाकणारी प्री-क्लीनरची? ती बेंडच्या तोंडावर बसवली तर? ती इंजिनच्या ओढीवर चालते, आपल्या बारक्या फॅनवर फिरेल का शंका आहे. कुणाकडे जुनी पडलेली असेल तर कळवा, येऊन घेऊन जातो.