बाटली कोणी ओतायची

परवा इस्रायलमधल्या रामले गावी एका घरी जेवायला गेलो आणि माझ्या हातातली वाइनची बाटली काढून घेण्यात आली. प्रेमाने, पण काढून घेण्यात आली. लिहायचंय ते एका काळ्या बिअरबद्दल, पण सुरुवात इथूनच.

हनुक्काची, म्हणजे यहुद्यांच्या दिव्यांच्या सणाची, चौथी संध्याकाळ होती. घरच्या मावशी मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. साठच्या दशकात आईबापांबरोबर इकडे आल्या, पण मराठी तेव्हाचीच राहिली. अजून ‘घासलेट’ म्हणतात. कोकणात यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. हनुक्का तर दिव्यातल्या तेलाचाच सण, म्हणून मावशी रुबाबात म्हणतात, ‘‘हा आमचाच.’’

आपण काही हातभार लावावा म्हणून मी टेबलावरची वाइन उघडून ग्लासांत ओतायला गेलो. मावशी उठल्याच. ‘‘राहू दे बाळा, ही तू नको ओतूस. जावई ओततील.’’

नियम असा की यहुदी नसलेल्याने ओतलेली वाइन कोशर, म्हणजे यहुद्यांचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणाऱ्यांना चालत नाही. उकळलेली वाइन असेल तर चालते. ही तशी नव्हती. मला नियम माहीत नव्हता असंही नाही, रेहोवोतच्या लॅबमध्ये दोन वर्षं काढलीत. पण वाचलेला नियम वेगळा आणि आपल्या हातातून बाटली जाणं वेगळं. कान तापले. मनात पहिला शब्द आला तो ‘शिवाशिव’, आणि पाठोपाठ, ‘आमच्याकडे निदान पाहुण्याला तरी असं करत नाहीत.’

हे वाक्य लिहितानाही मी थोडा चाचरतोय. आमच्या ठाण्याच्या घरात कामाच्या बाईंचा कप वेगळा होता, स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला. पण ते वेगळं, ती सवय होती, धर्म नव्हता. असं मी बसमध्ये परत येताना स्वतःला बराच वेळ समजावलं.

तर, बिअर. मी भेट म्हणून अलेक्झांडर ब्लॅकच्या तीन बाटल्या नेल्या होत्या. एमेक हेफेरमधली ही छोटी ब्रुअरी 2008 ची, नाव जवळच्या नदीवरून, लेबलवर त्या नदीतलं कासव. ही पोर्टर, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर, फक्त हिवाळ्यात येते. जावयांनी बाटली हातात घेतली आणि आधी उलटी करून कोशरचा शिक्का शोधला. आपण छापील किंमत शोधतो तसा. शिक्का होता. मग ती माझ्याच हातात देऊन म्हणाले, ‘‘ही तू उघड.’’

बिअरला वाइनचा नियम लागत नाही. द्राक्षाचं तेवढं सोवळं, जवाचं नाही. (जवाची पाळी पेसाहला, म्हणजे वल्हांडणाला येते, तेव्हा ही बिअर घरात ठेवायचीही सोय नाही.) आणि यात दूध नाही, मांस नाही, त्यामुळे ताटात काहीही असो, चालते. ताटात मटण होतं, नारळाच्या दुधातलं. मांसाबरोबर दूधदुभतं वर्ज्य, पण नारळाला कोण अडवणार? कोकण आणि कोशर यांचं इतकं छान जमलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

ग्लासात ओतली तर काळी, दिव्यासमोर धरली की कडेला लालसर. फेस बदामी. मी सवयीने फ्रीजमधली गारेगार मागितली असती, पण जावयांनी बाटल्या बाल्कनीत ठेवल्या होत्या, पावसाच्या थंडीत, आणि तेच बरोबर होतं. पहिला घोट कोऱ्या कॉफीचा. मग काकवी. आणि शेवटी पातेल्याच्या तळाला लागलेल्या दुधाची ती खरवड, जिच्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. जव करपायच्या अगदी आधी भट्टीतून काढत असावेत. भारतात मी ‘स्ट्राँग’ म्हणून जे प्यायलोय ते नुसतं डोक्यात जायचं. ही जिभेवर थांबते.

मावशींनी वाइनचा एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारला होता. माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘त्या काळीला काय वास येतोय रे?’’

‘‘खरवडीचा,’’ म्हटलं.

‘‘मग मला कुठे दिलीस?’’ त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि माझ्यापुढे सरकवला. ‘‘ओत.’’