आमची वाटचाल : वर्गणीदारांची बातमी शोधात दिसावी म्हणून

पुण्यातील आमची छोटी संस्था मराठी दैनिकांची आणि साप्ताहिकांची संकेतस्थळे सांभाळते. जाहिरातींचे उत्पन्न आटू लागले तसे संपादक वर्गणीचा विचार करू लागले आणि जवळजवळ प्रत्येकाने आम्हांला एकच विचारले : बातमी वर्गणीदारांपुरती ठेवली, तर ती गूगलवर दिसेल का? या प्रश्नाने आमच्या कामाची दिशाच ठरवली.

पूर्वी उत्तर अवघड होते. गूगलच्या ‘फर्स्ट क्लिक फ्री’ या नियमानुसार शोधातून आलेल्या वाचकाला दिवसाला काही लेख, शेवटी शेवटी तीन, पूर्ण मोफत वाचू द्यावे लागत. ऑक्टोबर २०१७ मध्ये हा नियम रद्द झाला आणि मोफत किती द्यायचे हे प्रकाशकाच्या हाती आले. महिन्याला दहा लेखांपासून सुरुवात करावी, एवढेच गूगलने सुचवले. छोट्या वृत्तपत्रांसाठी वर्गणीचा मार्ग खऱ्या अर्थाने तेव्हा मोकळा झाला, असे आमचे मत आहे.

बातमी शोधात नीट सापडावी म्हणून शोधयंत्राला पूर्ण मजकूर द्यायचा आणि वाचकाला मात्र चारच ओळी दाखवायच्या, ही एरवी ‘क्लोकिंग’ म्हणजे फसवणूक मानली जाते. म्हणून लेख मोफत नाही आणि पानाचा नेमका कोणता भाग बंद आहे, हे पानाच्या संरचित माहितीत, म्हणजे शोधयंत्रासाठी पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या ठरावीक नोंदींत, उघडपणे नोंदवावे लागते. याहून महत्त्वाचा आहे तो पहारा. पूर्ण मजकूर ब्राउझरकडे पाठवून त्यावर केवळ पडदा टाकला, तर थोडा जाणकार वाचकही तो सहज बाजूला सारतो. त्यामुळे आम्ही वर्गणी सर्व्हरवरच तपासतो. गूगलसाठी पाने वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे, म्हणजे गूगलबॉटचे, नाव कोणालाही घेता येते, म्हणून मागणी ज्या आयपी पत्त्यावरून (संगणकाच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) आली त्यावरून यजमान संगणकाचे नाव आणि त्या नावावरून पुन्हा पत्ता पडताळल्याशिवाय आम्ही पूर्ण लेख देत नाही. बातम्या एकत्र करणाऱ्या सेवांसाठीच्या आरएसएस फीडमध्ये, म्हणजे नव्या लेखांच्या आपोआप पुरवल्या जाणाऱ्या यादीत, फक्त सारांश जातो, कारण तिथे पूर्ण मजकूर राहिला तर बाकीच्या साऱ्या बंदोबस्ताला अर्थ उरत नाही.

न्यूज साइटमॅपमध्ये, म्हणजे ताज्या बातम्या गूगलला कळवणाऱ्या यादीत, गेल्या दोन दिवसांतलेच लेख ठेवायचे असतात. प्रकाशनाची वेळ बदलून जुनी बातमी ताजी भासवण्याची मागणी अधूनमधून येते; ती आम्ही नाकारतो.

तंत्राइतकाच आमचा आग्रह इंट्रोबद्दल, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या खुल्या परिच्छेदांबद्दल, असतो. कांद्याच्या निर्यातशुल्काची बातमी शोधणाऱ्या लासलगावच्या शेतकऱ्याला पहिल्या दोन परिच्छेदांत निर्णय काय आणि तो कधीपासून लागू, हे कळलेच पाहिजे. त्या निर्णयाचे विश्लेषण, बाजारसमित्यांतील पडसाद आणि पुढचा अंदाज यांसाठी तो वर्गणी भरेल. उत्सुकता ताणणाऱ्या रिकाम्या ओळी दाखवल्या, तर तो पुन्हा फिरकत नाही. पूर, साथी आणि परीक्षांच्या तारखा यांच्या बातम्या सर्वांना खुल्या ठेवाव्यात, असे आम्ही प्रत्येक संपादकाला सुचवतो.

सध्या आमचा सर्वाधिक वेळ जुन्या अंकांवर खर्च होतो. युनिकोड ही अक्षरांची समान संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मराठी मजकूर शोधयंत्राला रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता म्हणूनच दिसतो, त्यामुळे तो वर्गणीमागे असो वा खुला, कोणालाच सापडत नाही. रूपांतर यंत्राने होते, परंतु जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या चुका उरतात. त्या आमचे मुद्रितशोधक ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करतात आणि मगच तो लेख वर्गणीदारांच्या संग्रहात जातो.