मांजराच्या पिल्लासाठी लिटर कसं निवडलं, माझा अनुभव

आमच्याकडे एक मोठी मांजर आधीपासून आहे आणि तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जी माती किंवा दाणे घालतात त्याला लिटर म्हणतात, तिचं गोळे होणारं म्हणजे क्लम्पिंग लिटर, त्यामुळे पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू घरी आलं तेव्हा पहिला प्रश्न हाच की ह्याला पण तेच चालेल का. तर नाही चालत. एवढी लहान पिल्लं दिसेल ते तोंडात घालतात, लिटर पण चक्क खातात, आणि क्लम्पिंगमध्ये बहुतेक वेळा सोडियम बेन्टोनाइट माती असते, ओली झाली की कितीतरी पट फुगते आणि घट्ट गोळा होतो. ट्रे साफ करायला हे एकदम बेस्ट, पण तसाच गोळा पिल्लाच्या एवढ्याशा आतड्यात झाला तर? व्हेटनी (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) पण स्पष्ट सांगितलं, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत गोळे न होणारंच वापरा.

मग शोधाशोध. सिलिका क्रिस्टल वास छान शोषतात पण खडे पायाला टोचतात आणि खाल्ले जायची भीती तीच, म्हणून नको. टोफू लिटर नैसर्गिक आहे म्हणून बरेच जण सुचवतात, पण बाबांनो नैसर्गिक असलं तरी तेही ओलं झालं की गोळेच होतात आणि सोयाबीनचं असल्याने पिल्लं आवडीने चघळतात! पाइन लाकडाचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या कांड्या, घ्यायचे तर भट्टीत वाळवलेलेच बघा, कच्च्या पाइनमध्ये फिनॉल नावाची रसायनं असतात आणि मांजरांच्या लिव्हरला ती नीट बाहेर टाकता येत नाहीत.

शेवटी कागदाचे पेलेट घेतले. मऊ असतात, धूळ जवळपास नाही, ऑपरेशन झालेल्या मांजरांना पण व्हेट हेच सांगतात कारण टाक्यांना काही चिकटत नाही. एक आहे की वास फारसा दाबत नाहीत त्यामुळे पूर्ण ट्रे सारखा बदलावा लागतो, ते मला मान्य आहे, पिल्लाच्या पोटापुढे ते काहीच नाही. सुगंधी लिटर मात्र मोठ्या मांजरीसाठी पण घेऊ नका, आपल्याला छान वाटणारा वास त्यांच्या नाकाला फार उग्र होतो आणि मग ती ट्रे सोडून कोपऱ्यात जातात.

पिल्लाला बुटक्या काठाचा ट्रे दिला, मोठीचा ट्रे वेगळ्या खोलीत, दार बंद. मोठं झालं की क्लम्पिंग थोडं थोडं मिसळत नेणार, एकदम बदललं तर मांजरं रुसतात. शी रोजच्या रोज काढायची, टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून माणसालाही लागू शकणारा परजीवी) अंडी शीमध्ये असली तरी ती संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, आणि घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानेच करायचं. ट्रे धुताना ब्लीच अजिबात नको, शूमधल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, साधा साबण पुरतो.

आणि पिल्लाने लिटर खाल्लंय असा संशय असेल आणि उलट्या, जेवण बंद, शी होत नाही असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच व्हेटकडे न्या.