चिकटवही करायला घेताना: कागद, डिंक आणि जाडीचा हिशोब

चिकटवहीची, म्हणजे स्क्रॅपबुकची, खरेदी बहुतेकजण उलट्या टोकाने सुरू करतात. आधी स्टिकर, लेस, मोती, रंगीत टेप, मग कागद, आणि डिंक घरात पडून असेल तो. पुण्याच्या बोहरी आळीत शिरलं की हे होणारच, तिथे लग्नाच्या सजावटीपासून राखीच्या सामानापर्यंत सगळं एका गल्लीत टांगलेलं असतं. पण वही टिकणार की नाही, हे कागद, डिंक आणि पानाची जाडी यांवर ठरतं. सजावट मागाहून कधीही वाढवता येते. म्हणून मी पहिल्या वहीचं निम्म्याहून अधिक बजेट कागद आणि चिकटवण्याच्या साहित्यावर घालायला सांगते.

आकार आधी ठरवा. परदेशी पद्धतीची तयार पानं आणि अल्बम १२ बाय १२ इंचांचे असतात. दिसायला झकास, पण आपल्याकडचा घरचा प्रिंटर, स्कॅनर, झेरॉक्सचं दुकान, प्लास्टिकचे फोल्डर हे सगळं ए४ मापाचं. पहिल्या वहीला ए४च बरा. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात २२० ते २५० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) कार्डशीट मागा. १५० च्या खालचा कागद दोन फोटोंच्या वजनाने वाकतो, ३०० च्या वरचा कागद वही उगाच जाड करतो. पानांसाठी १२ आणि फोटोमागच्या चौकटींसाठी ६ शीट भरपूर झाली. रंग पांढरटसर, खाकी किंवा काळा. गडद लाल-निळं स्वस्त कार्डशीट टाळा. ओल्या बोटाने घासून पाहा. बोटाला रंग लागला, तर पावसाळ्यात तो फोटोलाही लागेल.

‘ॲसिड-फ्री’ असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर उत्तम. लाकडाच्या लगद्यात लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक, त्यातून आम्ल तयार होतं) राहिलं की कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, वर्तमानपत्राचं होतं तसंच. म्हणून कात्रण वहीत थेट चिकटवू नये. स्कॅन करून चांगल्या कागदावर प्रिंट काढावी आणि ती लावावी. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निनचा प्रश्न येत नाही. पुण्यात हातकागदाची परंपरा आहे, शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची. मात्र हातकागद वहीचं पान म्हणून वापरू नका. त्याची जाडी एकसारखी नसते, खरबरीत पृष्ठभागावर डिंकाची कांडी (ग्लू स्टिक) नीट पकडत नाही आणि बऱ्याच नमुन्यांवर शाई फुटते. फोटोमागची चौकट, पाकीट, मुखपृष्ठाचा पट्टा यांसाठी तो सुंदर.

कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. कार्डशीट आडवं आणि उभं हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतं, ती घडी धारेला समांतर. बांधणीची कड या दिशेला समांतर हवी. उलटी आली तर पानं दमट हवेत लाटांसारखी उठतात आणि वही नीट मिटत नाही. ए४मध्ये धार बहुधा लांब बाजूला असते, म्हणून बांधणीही लांब बाजूलाच घ्यायची.

आता जे बहुतेकांना कुणी सांगत नाही ते. वहीची बांधणी स्पायरलची, आणि तिची भोकं कोऱ्या पानांनाच पाडून घ्या. सजवलेलं पान झेरॉक्सवाल्याच्या पंचिंग यंत्रात जात नाही, गेलंच तर फोटो चिरडतो. १२ कोरी शीट भोकं पाडून सुटी घरी आणायची, प्रत्येक पान सुटंच सजवायचं, सगळं झालं की पुन्हा नेऊन स्पायरलची कॉइल ओवून घ्यायची. बांधणीच्या कडेला अडीच सेंटिमीटर आणि समोरच्या कडेला एक सेंटिमीटर जागा पेन्सिलीने आखून मोकळी ठेवा. उरलेल्या साडेसतरा सेंटिमीटर रुंदीत आडवा फोटो सुखाने बसतो.

फोटो म्हणजे साधारण ४ बाय ६ इंचांची प्रिंट, १०.२ बाय १५.२ सेंटिमीटर. इथे एक गोम आहे. मोबाइलचा फोटो साधारणपणे ४:३ प्रमाणात असतो आणि ही प्रिंट ३:२. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार इंच लागते, कागद चारच इंच. फोटो छापणारी लॅब अर्धा इंच कापते, आणि ग्रुप फोटोत नेमकी मागच्या रांगेची डोकी जातात. स्वतः कापून द्या, नाहीतर ‘पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो’ असं सांगा. त्याहून चांगला उपाय म्हणजे एकाच ४ बाय ६ वर ४ बाय ३ इंचांचे दोन फोटो शेजारी-शेजारी बसवून द्यायचे. मोबाइलच्या फोटोचं माप तंतोतंत जुळतं, एका प्रिंटच्या पैशात दोन फोटो येतात आणि हा लहान आकार वहीत मोठ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४ बाय ६ साठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, म्हणून लॅबला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. घरच्या इंकजेटवर काढलेली प्रिंट निदान एक दिवस उघडी वाळवा आणि पाण्यापासून जपा. रंगद्रावाची (डाय) शाई थेंबभर पाण्यानेही पसरते.

१२ शीटच्या दोन्ही बाजू धरून २४ पानं होतात, त्यांना ४५-५० फोटो पुरतात. पानावर एक मुख्य फोटो आणि एखाद-दोन लहान, एवढंच. सगळेच फोटो सारख्या आकाराचे लावले की ते आधार कार्डाच्या झेरॉक्सचं पान वाटतं.

चौकट पाच मिलिमीटरची ठेवायची तर कार्ड ११.२ बाय १६.२ सेंटिमीटर कापावं लागतं; ए४मधून अशा दोनच निघतात. फोटोखाली झाकला जाणारा मधला भाग कडेपासून दीड सेंटिमीटर सोडून कापून काढा. तो पुढच्या पानावरच्या चिठ्ठ्यांना चालतो आणि जाडीही वाचते. कात्रीने सरळ रेघ येत नाही. स्टीलची पट्टी, कटर आणि खाली कटिंग मॅट हवी. पाती बोथट झाली की कागदाला कुसळं येतात, तेव्हा कटरचं टोक कंजूषपणा न करता मोडायचं.

डिंकाबद्दल मी जरा हट्टी आहे. फेविकॉलसारखा पांढरा डिंक पाण्यातला असतो. कागद पाणी पितो, फुगतो आणि वाळताना आक्रसून वाकडा होतो. बटण, लाकडी तुकडा, जाड लेस यांना टिपकाभर ठीक, फोटोला नाही. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची वाफ आजूबाजूला पांढुरका थर सोडते. रबरी डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदातून वर येतो. सेलोटेपचंही तेच. मैद्याची खळ तर कसरीला आमंत्रण. रोजच्या कामाला सहा मिलिमीटरची चांगली डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी) आणि कागदावर कागद लावायला डिंकाची कांडी, बस्स.

टेप फोटोच्या चारही कडांना, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत लावा. फक्त मध्ये लावली तर कोपरे उचलले जातात. वरचा कागद एकदम काढू नका. चारही पट्ट्यांचं टोक सेंटिमीटरभर सोलून बाहेर दुमडा, फोटो ठेवून सरळ आहे का ते बघा, मग टोकं ओढून घ्या. पूर्ण सोललेला फोटो तिरका टेकला की पुन्हा काढताना पानाचं सालपट निघतं. आणि चिकटवण्याआधी पानाची मांडणी नुसती ठेवून मोबाइलने टिपून घ्या. जेवायला उठलात आणि पंखा लावलात तरी काही बिघडत नाही.

आजीच्या लग्नातला, स्टुडिओत काढलेला मूळ फोटो मात्र कधीच चिकटवू नये. त्याची प्रत वहीत लावावी. मूळच हवा असेल तर कागदी कोपरे करा. दीड बाय तीन सेंटिमीटरच्या पातळ पट्टीची वरची दोन्ही टोकं खालच्या कडेच्या मध्याशी दुमडली की त्रिकोणी खिसा तयार होतो. डिंक खिशाला लागतो, फोटोला नाही. जुन्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधून फोटो काढायचे तर आधी अख्ख्या पानाचा मोबाइलने फोटो घ्या. मग दात साफ करायचा बिनमेणाचा धागा फोटोमागे घालून करवतीसारखा हळूहळू ओढा. निघत नसेल तर मागच्या पानासकट कापून घ्या, ओरबाडू नका.

तिकिटं, पत्रिका, पानं-फुलं हा खरा मजेचा भाग. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, यंत्रातून निघालेलं तिकीट किंवा दुकानाची पावती उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते आणि काही काळाने कोरी होते. लॅमिनेट केलं तर त्याच उष्णतेने काळीठिक्कर पडते. स्कॅन करून साध्या कागदावर छापा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा नको, वरचा छापील थर तेवढा सोलून घ्या. आपट्याचं पान, बोगनवेलीच्या पाकळ्या, नेचे छान वाळतात. टीपकागदात घालून जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे ठेवायचे, पावसाळ्यात दर दोन दिवसांनी कागद बदलायचा. मोगरा तपकिरी होतो, लाल फुलं काळपट पडतात. अर्धवट वाळलेल्या पाकळीने पानाला बुरशी धरते, तेव्हा वाकवल्यावर कडक लागल्याशिवाय लावू नका.

शीर्षकाला बाजारात मिळणारी अक्षरं जवळजवळ सगळी इंग्रजी. देवनागरी स्वतः कापायला सोपी जाते, कारण शिरोरेघेने अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो आणि ओळ आपोआप सरळ राहते. ठळक फाँट घ्या, उंची तीन सेंटिमीटरच्या खाली नको. ट्रेसिंग पेपरने शब्द कार्डाच्या मागच्या बाजूला उलटा उतरवून तिथूनच कापा, म्हणजे पुढे पेन्सिलीची रेघ दिसत नाही. अनुस्वाराची टिंबं पंचिंग यंत्राच्या भोकातल्या टिकल्यांची होतात.

लिहायला पिगमेंट शाईचं (वाळल्यावर पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं) पेन, ०.३५ ते ०.५ मिलिमीटरचं. साधं जेल पेन दमट हाताला लागून पसरतं. बॉलपेनने फोटोच्या मागे लिहिलं की पुढे वळ उमटतो. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती लावा. चुकलं तर चिठ्ठी बदलते, पान नाही. ‘अविस्मरणीय क्षण’ वगैरेपेक्षा डावीकडून कोण उभं आहे, कुठे, कोणत्या साली, एवढं लिहा.

जाडीचा हिशोब शेवटी नाही, सुरुवातीलाच करा. कार्ड सुमारे ०.३ मिलिमीटर, फोटो पाव मिलिमीटर. दोन्ही बाजूंना चौकटीसह फोटो धरले तर एक शीट दीड मिलिमीटरच्या आत राहतं, १२ शीटचे १७ मिलिमीटर. यात प्रत्येक बाजूला एक मिलिमीटरची फोम टेप आली की तेच ४० मिलिमीटर होतात. फोम, मोती, लेस पानाच्या एकाच बाजूला, आणि सलग पानांवर वेगवेगळ्या जागी ठेवा. कॉइल ओवायला जाताना पानांची थप्पी न दाबता मोजा आणि त्याहून चार-पाच मिलिमीटर मोठी मागा. तयार बांधलेली वही वापरत असाल तर दर तिसरं पान बांधणीपाशी दोन सेंटिमीटरचा पट्टा सोडून कापून टाका, नाहीतर वही तोंड वासून बसते.

ठेवायची आडवी. माळ्यावर नको, एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली उष्णता साठते; पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटातही नको, पावसाची ओल तिथेच उतरते. पीव्हीसीचं वास मारणारं प्लास्टिक टाळून पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून फोटोला चिकटतं. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की वही तासभर अर्धवट उघडी उभी ठेवा आणि सुटलेले कोपरे नव्या टेपने बसवून घ्या.