केस धुवावेत नर्मदेच्या दिवशी

इंदुरातल्या मराठी घरांत डोक्यावरून न्हायचा वार एकेकाळी आजी ठरवायची. आता तो नळ ठरवतो. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी टाकीत बोअरिंगचं पाणी चढतं. रामबाग असो की सुदामानगर, मागच्या आठवड्यात रेशमी वाटलेल्या केसांचा या आठवड्यात त्याच शाम्पूने काथ्या झाला की शिव्या शाम्पूला बसतात. बादलीकडे कुणी बघत नाही.

बोअरिंगचं, म्हणजे माळव्याच्या काळ्या खडकात मुरलेलं पाणी वर येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेस मरतो आणि चिकट पांढरा साका उरतो. बादलीच्या कडेला बसणारी राखाडी रेघ ती हीच, आणि ती केसावरही बसते. केसाचं बाहेरचं आवरण कौलारू असतं: एकावर एक सरकवलेले खवले, तोंडं टोकाकडे. कौलं चापून बसली असतील तर केस चमकतो आणि शेजारच्या केसावरून घसरतो. कौल उचललं की अडकतो, गुंततो, पिंजारतो. साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो आणि केसाला मानवतं ते ४ ते ५.५ च्या आसपासचं, किंचित आंबट पाणी. म्हणून अंगाच्या साबणाने, तेही बोअरिंगवर केस धुणं म्हणजे दुहेरी शिक्षा. शिकेकाई स्वभावाने आंबट, म्हणून ती केसांना सोसते. पण वस्त्रगाळ केली नाही तर तिचा चोथा आठवडाभर भांगातून गळत राहतो, हेही खरंच.

पाणी कसलं आहे ते घरीच कळतं. बाटली अर्धी भरायची, चिमूटभर साबणाचा कीस टाकायचा, झाकण लावून खळखळवायची. फेस टिकला तर पाणी मऊ. पाणी दुधाळ होऊन वर साय जमली तर जड. हे शाम्पूने करून उपयोग नाही, तो जड पाण्यातही फेस देतो आणि फसवतो. जड पाण्याला उतारा असा: केस धुऊन झाले की एक लिटर पाण्यात १५ मिली पांढरं व्हिनेगर, किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते केसांवरून ओतायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग साधं पाणी. जास्त आंबट केलं की जास्त गुण येतो असं नाही, टाळू मात्र चुरचुरते. महिन्यातून एकदा ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून काढणारं रसायन) असलेला शाम्पू वापरला की आधीचा थरही सुटतो. हे सगळं नको असेल तर निदान शेवटचे दोन मग साठवलेल्या नर्मदेचे घ्यावेत. १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून डोंगर चढवून आणलेलं पाणी आहे, दोन मग डोक्यासाठी ठेवायला हरकत नाही.

नळाचं झालं. आभाळातल्या पाण्याचा हिशोब वेगळा. १७८३ साली जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक मांडला. ताणून बांधलेला केस दमट हवेत लांबतो आणि काटा सरकवतो. अगदी कोरड्या हवेपासून अगदी ओल्या हवेपर्यंत ही वाढ जेमतेम २ ते २.५ टक्के, पण यंत्राला तेवढी पुरते. गंमत पुढेच आहे. यंत्रासाठी केस आधी तेलकटपणा काढून कोरा करावा लागे, कारण कोरा केस हवेचं पटकन ऐकतो. रोज शाम्पू करणाऱ्या डोक्यावर असे लाखभर आर्द्रतामापक उभे असतात आणि श्रावणात प्रत्येकाचा काटा वेगळ्या दिशेला जातो. केसातले केराटिनचे, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे, धागे हायड्रोजनच्या हलक्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. हवेतली वाफ आत शिरली की हे बंध सुटतात आणि जिथे सोयीचं तिथे पुन्हा जुळतात. सकाळी इस्त्रीने सरळ केलेली बट राजवाड्यापर्यंत पोचेस्तोवर मूळपदावर येते ती म्हणून.

इथेच इंदूर माणसाला चकवतं. मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणातल्या सकाळी ८५ च्या वर जाते. केस दोन्ही वेळा पिंजारतात, कारणं मात्र उलटी. मे महिन्यात केसातली ओल बाहेर जाते, वर प्लॅस्टिकच्या कंगव्याने वीज भरते आणि केस एकमेकांपासून पळतात. श्रावणात ओल आत घुसते. तरी घरात बाटली एकच. ग्लिसरीन हे नाव तिच्या मागच्या यादीत पहिल्या पाचांत असेल तर ती पावसाळ्यात कपाटात ठेवावी, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून केसात घालतं. अगदी कोरड्या हवेत ते केसाचीच ओल ओढतं. त्याचे दिवस म्हणजे मधले, दिवाळीच्या आगेमागे. पावसाळ्यात डायमेथिकोनचं (एक प्रकारच्या सिलिकोनचं) सीरम बरं, पण दोन-तीन थेंबच, आणि तेही ओल्या केसांना. कोरड्यावर लावलं तर पिंजारलेलं रूपच वरून लाखबंद होतं.

धुण्याआधी तेल. खोबरेल केसाच्या आतपर्यंत जातं, खनिज तेल वरच बसतं. आत गेलेलं खोबरेल धुताना केसाला फुगू देत नाही. चमचा-दीड चमचा, अर्धा तास आधी, मुख्यतः टोकांना. रात्रभर थापून उशीचा अभ्रा रंगवण्याची गरज नाही. (जानेवारीत बाटली उन्हात ठेवायला विसरू नये.) शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त कानाखाली, दोन-तीन मिनिटं. तो केसात असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, टोकाकडून वर. वरून खाली ओढलं की सगळ्या गाठी टोकाला जमतात आणि तुटतात.

मग पुसणं. बहुतेक डोकी बिघडतात ती इथे. जाड टर्किश टॉवेलने खसाखसा पुसलं की कौलं उलटी होतात. ओला केस आधीच नाजूक असतो, त्यात टॉवेलच्या गाठी. यावर आता जुना टीशर्ट गुंडाळायला सांगतात. आपल्याकडे पंचा होता. डोकं पुढे वाकवून पंच्यात केस गोळा करायचे, पिळ न देता दहा मिनिटं ठेवायचे. नंतर पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड.

वाळल्यावर कंगवा न फिरवता आरशात बघावं. केसांना इंग्रजी एसचं वळण दिसलं तर ते पिंजारलेले नव्हेत, नागमोडी आहेत, आणि इतकी वर्षं कोरड्यावर विंचरून त्यांच्या झिंज्या केल्या गेल्या. अशांना जवसाचं जेल मानवतं. सियागंजाच्या बाजारात अलसी म्हणून मागावी. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवायचं. सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं. गार झालं की गाळलं जात नाही, फडकंच फेकावं लागतं. फ्रिजमध्ये आठवडा टिकतं.

आणखी एक गैरसमज भांगाजवळच्या उभ्या बारीक केसांचा. डेंगीसारख्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, मग नवे उगवतात आणि अँटेनासारखे उभे राहतात. ते पिंजारणं नव्हे. बसवायला वाढ लागते, सीरम नाही.

केस सरळ करणाऱ्या केराटिन ट्रीटमेंटबद्दल थोडक्यात: काही रसायनं इस्त्रीच्या आचेवर फॉर्माल्डिहाइड सोडतात. पार्लरमध्ये डोळे झोंबले तर खुर्चीतून उठावं. घरची इस्त्री ओल्या केसांवर कधीच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात. बारीक केसांना १५० अंश पुष्कळ.

स्कूटीवरच्या सुती दुपट्ट्याने घासून जे व्हायचं ते होतंच. त्याच्या आत साटिनचा रुमाल बांधला तर हेल्मेट काढल्यावर निदान ओळख पटते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला जाताना तेल चोपडून घट्ट वेणी, कारण कोरड्या केसाला रंग जास्त धरतो. आणि अनंत चतुर्दशीला मिरवणुकीतल्या झांक्या (देखावे) बघत रात्री दोन वाजता रस्त्यावर उभं राहायचं असेल तर सीरम, जेल, इस्त्री सगळं घरी ठेवावं. तळहाताला दोन थेंब खोबरेल, अंबाडा, त्यावर गजरा. सुटलेल्या बटांना गजऱ्याची पाकळी म्हणून खपवता येतं.