तिथीची पाऊणपट

कोकणातल्या खाडीत होडीने निवांत फिरायचे असेल, तर घड्याळाआधी पंचांग पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हिशेब ढोबळ आहे आणि खाडीच्या मुखापासून आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, पण होडीवाल्याने ‘आत्ता नको, पाणी येऊ दे’ म्हटल्यावर वाद घालू नये, एवढे शहाणपण त्यातून येते.

चिपळूणजवळच्या वाशिष्ठीत या हिशेबाला आणखी एक पदर आहे. मालदोलीच्या बाजूला लोक जातात ते मगरी पाहायला. होडीला भरपूर पाणी हवे असते आणि मगरीला उघडा चिखल हवा असतो. ओहोटीला पाणी उतरले की कांदळवनाच्या कडेचा काठ मोकळा होतो आणि थंडीच्या दिवसांत मगरी त्यावर ऊन खात पडतात. भरती चढली की तोच काठ बुडतो आणि पाहुण्यांच्या वाट्याला फक्त चिपी-तिवरांची कांदळझाडे आणि बगळे उरतात. तेही कमी नसतात, पण मगर पाहायला आलेल्या माणसाला हे पटवणे अवघड असते. इंजिन बंद करून होडी नुसती वाहू दिली, तर मगर बराच वेळ तशीच राहते. मोबाइल उंचावून कोणी उभा राहिला की ती अगदी सावकाश, जणू उपकार केल्यासारखी, पाण्यात सरकते.

ज्या पाण्यावरून आपण जातो, त्यातले सगळे या खोऱ्यातले नसतेच. कोयना मुळात पूर्वेकडे वाहून कृष्णेला मिळणारी नदी. धरणात अडवलेले तिचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून वीजनिर्मितीसाठी वापरले जाते आणि नंतर वाशिष्ठीत सोडले जाते. बंगालच्या उपसागरासाठी निघालेले पाणी दाभोळला अरबी समुद्रात पोहोचते, हे एरवी आपल्या ध्यानातही येत नाही. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणने याच नदीचे दुसरे रूप पाहिले. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खाडी पाणी पुढे घेईनाशी होते.

दाभोळ हे बहमनी काळापासूनचे मोठे बंदर. तिथून माल गोवळकोटपर्यंत खाडीने वर यायचा आणि पुढे कुंभार्ली घाटाने देशावर चढायचा. आज याच खाडीचे नाव २०१६ च्या कायद्यातील १११ राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत अठ्ठाविसाव्या क्रमांकावर आहे. यादीत नाव असले, तरी माझ्या मते हा जलमार्ग सध्या खऱ्या अर्थाने मगरींच्याच वापरात आहे.

मगरींसाठीच जायचे, तर थंडीतली तृतीया किंवा चतुर्थी निवडावी. त्या दिवशी मुखाशी सकाळी नऊच्या आसपास पाणी उतरलेले असते, आत त्यानंतर थोड्या वेळाने, आणि तोवर काठावर ऊनही आलेले असते. चतुर्थी रविवारी येईलच असे नाही; रजेच्या अर्जात कारण काय लिहावे, हे ज्याने त्याने ठरवावे.